सल्ला : आधी उत्तर, मग झाकण

पत्र थोडक्यात : रुमॅटॉइड संधिवात असलेल्या माणसांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. चार वर्षं जुना, १४० सदस्य, तीन ॲडमिन. पत्र लिहिणाऱ्या बाई त्यांतल्या एक. ग्रुपवर औषधपाण्याच्या गोष्टी होतात तशीच थट्टामस्करीही भरपूर होते. ‘झाकण’ ही तिथली सगळ्यांत जुनी गंमत. सकाळी बोटं आखडलेली असताना बरणीचं झाकण उघडलं की नाही, याचा निकाल रोज रात्री जाहीर होतो : ‘झाकण १, मी ०’. मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. हा निकाल लावणारा सदस्य बाईंचा जवळचा मित्र आहे आणि ही मैत्री ग्रुपवरच जुळली. गेल्या महिन्यात एका नव्या सदस्य बाईंनी रात्री १०.४५ ला लिहिलं, की बोटं इतकी सुजलीत की लेकीच्या कपड्यांची बटणं लावता येत नाहीत, आणि नोकरी सोडावी का तेही कळत नाही. १०.४९ ला मित्राने झाकणाचा निकाल टाकला. त्याखाली ३७ मेसेज आले, सगळे झाकणावर. सकाळी पाहिलं तर त्या बाई ग्रुप सोडून गेल्या होत्या. आता एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात, विनोद बंद करा. काही जण म्हणतात, विनोद गेला तर आम्हीही जाऊ. बंदी घालावी, की गमतीजमतीसाठी वेगळा ग्रुप काढावा? मित्राला काय सांगावं? पत्राच्या शेवटी त्या लिहितात : ‘आजारी माणसांनी इतकं हसणं शोभतं का, हेच मला कळेनासं झालंय.’

नमस्कार.

पत्रात तुम्ही वेळा दिल्यात हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या वेळांमध्येच आहे. १०.४५, मग १०.४९, मग ३७ मेसेज. यावरून तुम्ही असं धरून चाललात की त्या बाई विनोदामुळे दुखावल्या. पण झाकणाचा निकाल त्यांना उद्देशून नव्हता. रोज येतो तसा तो त्या रात्रीही आला. त्या ३७ मेसेजांत बटणांबद्दल एक अक्षरही नव्हतं, आणि मला जास्त खटकतं ते हेच. समजा त्या रात्री झाकण नसतं आणि ग्रुप नुसताच गप्प राहिला असता, तरी त्यांच्या पदरात काय पडलं असतं? काहीच नाही. फक्त ‘सगळे झोपले असतील’ अशी मनाची समजूत घालता आली असती. हसणाऱ्यांची रांग पाहिल्यावर तीही घालता येत नाही. सगळे जागे आहेत आणि माझं कुणी वाचलं नाही, एवढंच दिसतं.

म्हणजे विनोदाने काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. दुर्लक्ष झालं होतं, ते विनोदाने ठळक केलं. पण उद्या विनोदावर बंदी आली तरी रात्री पावणेअकराला आलेला प्रश्न अनुत्तरितच राहील. त्याची सोय आधी करायला हवी. हसण्याचं पुढे बघू.

ही सोय कशी करायची ते नीट सांगते, कारण इथे मोघम आवाहनांचा काही उपयोग होत नाही. ‘सर्वांनी नवीन सदस्यांकडे लक्ष द्यावे’ असा मेसेज टाकला की १४० जणांना वाटतं, बाकीचे १३९ बघतील. त्यापेक्षा पाळ्या लावा. दहा-बारा जण तयार झाले तरी पुरतात. रोज दोघांची पाळी, एकाची दिवसा आणि एकाची रात्री झोपेपर्यंत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एक-दोनदाच येईल. पाळीवरच्या माणसाने तज्ज्ञ असण्याची गरज नाही. नव्या किंवा अडचणीतल्या माणसाचा मेसेज अर्ध्या तासात पाहायचा आणि त्या मेसेजलाच जोडून उत्तर द्यायचं, एवढंच काम. जोडून म्हणजे तो मेसेज धरून ‘रिप्लाय’ने. नुसतं खाली लिहिलं तर मधे चार मेसेज येतात आणि उत्तर कुणाला होतं ते कळत नाही.

पहिल्या उत्तरात तीनच गोष्टी हव्यात. त्यांनी लिहिलेला तपशील त्यांच्याच शब्दांत परत, मग इथे आणखी कुणाला असं झालंय ते, आणि शेवटी उत्तर देता येईल असा एक सोपा प्रश्न. उदाहरणार्थ : ‘बटणं लावता येत नाहीत हे वाचलं. इथे बऱ्याच जणांची बटणांशी झटापट झालेली आहे, त्यांना सांगते, सकाळपर्यंत लिहितील. सूज आजच वाढली की काही दिवसांपासून आहे?’ एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. त्यात औषधाचा सल्ला नाही, ‘धीर धरा’ नाही, ‘सगळं ठीक होईल’ही नाही. बटणं हा शब्द परत आला की त्यांना कळतं, कुणीतरी वाचलंय. हात जोडलेली चिन्हं आणि फुलं दहा जणांनी पाठवली तरी हे काम होत नाही. सकाळी मग कुणी बटण लावायच्या हुकाबद्दल सांगेल. लाकडी मुठीला तारेचा फास असलेलं हे साधं साधन बोटांच्या चिमटीचं काम मुठीवर घेतं. कुणी बटणांच्या जागी चिकटपट्टी शिवून घेतल्याचं सांगेल. नोकरीच्या प्रश्नाला मात्र रात्री अकराला कुणी हात घालू नये. सूज भडकलेली असताना घेतलेला निर्णय सूज उतरल्यावर वेगळा वाटू शकतो, म्हणून ‘हे उद्या सविस्तर बोलू’ म्हणणं तिथे जास्त जबाबदारीचं आहे.

पाळीबरोबर एकच नियम ठेवा, आणि तो सगळ्यांना तोंडपाठ होईल इतका छोटा असू द्या : आधी उत्तर, मग झाकण. वर कुणाचा अडचणीचा मेसेज अनुत्तरित असेल तर त्याला उत्तर मिळेपर्यंत गंमत थांबेल. पाच मिनिटं, फार तर अर्धा तास. ज्याला विनोद टाकायची घाई असेल त्यानेच आधी उत्तर द्यावं. या नियमामुळे आणखी एक गोष्ट साधते. विनोद टाकण्याआधी माणूस दोन मेसेज वर जाऊन वाचतो. तुमचे मित्र १०.४९ ला निकाल टाकण्यापूर्वी वर गेले असतील असं मला वाटत नाही. रोजचा मेसेज टाइप केला आणि पाठवला, इतकंच झालं असावं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. आजारी माणसांनी इतकं हसणं शोभतं का? हा प्रश्न गंभीरपणे विचारलात म्हणून गंभीरपणेच उत्तर देते. या प्रश्नामागे एक कल्पना दडलेली आहे : हसणं म्हणजे दुःख बाजूला सारणं, आणि आधार म्हणजे दुःखाशेजारी बसणं, म्हणून या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध. हसण्याचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र वेगळंच चित्र दिसलं. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने माणसं रोजच्या गप्पांत कशाला हसतात याच्या सुमारे १,२०० नोंदी केल्या. त्यांत खरोखर विनोद म्हणता येईल असं काही बोललं गेल्यावर आलेलं हसू १० ते २० टक्केच होतं. बाकीचं हसू ‘बरं, भेटू पुन्हा’ अशा साध्या वाक्यांवरचं. एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस सुमारे ३० पट जास्त हसतो, असंही त्याला आढळलं. म्हणजे हसण्याचं मुख्य काम सोबत करण्याचं. ‘झाकण १, मी ०’ हा काही मोठा विनोद नाही. पण ज्याची मूठ सकाळी तासभर मिटत नाही त्याला ते वाक्य वाचून कळतं, की ही मूठ माझी एकट्याची नाही. घरच्यांना हे कितीही समजावलं तरी इतक्या थोडक्यात कळत नाही.

मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंही दाखवलं, की चारचौघांत खळखळून हसल्यावर माणसाची वेदना सोसण्याची मर्यादा काही काळ वाढते. यावरून हसण्याने संधिवात बरा होतो असं कुणी ग्रुपवर लिहिलं तर लगेच थांबवा. सांध्याची झीज हसण्याने थांबत नाही, ती औषधाने आटोक्यात ठेवावी लागते. पण ‘शोभतं का’ म्हणून मनाला लागलेली टोचणी मात्र तुम्ही सोडून द्या. तुमच्या ग्रुपवर लोक हसतात कारण तिथे त्यांना दुखणं लपवावं लागत नाही.

तरीही सगळा विनोद एका मापाने मोजता येत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये विनोदाच्या सवयी तपासण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात चार प्रकार आहेत : माणसं जोडणारा विनोद, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच पायदळी तुडवणारा. टोचणारा ओळखायला सोपा असतो, लगेच कुणीतरी तक्रार करतं. ॲडमिनच्या नजरेतून सुटतो तो चौथा, कारण त्यावर सगळ्यांत जास्त हसू येतं. वरून तो झाकणासारखाच दिसतो. जवळून पाहा. ‘झाकण १, मी ०’ यात हरलेला माणूस आहे, पण उद्या पुन्हा सामना आहे. ‘आमच्या घरात एक जुनं भंगार आहे, भंगारवालाही नेत नाही, म्हणजे मी’, यात उद्या नाही. अशा ओळी एकाच माणसाकडून वारंवार येऊ लागल्या, त्याही रात्री उशिरा, आणि त्यात ‘घरच्यांना ओझं’ हा सूर असला, तर त्यावर हसणारा चेहरा टाकून पुढे जाऊ नका. ग्रुपवर ‘असं बोलू नका’ असं रागावूही नका. त्या माणसाला लाज वाटेल आणि पुढच्या वेळी तो तेवढंही लिहिणार नाही. खासगीत लिहा : ‘भंगारवाली ओळ वाचून हसले, आणि मग काळजी वाटली. आज दिवस कसा गेला?’ उत्तरात जगणं नकोसं झाल्याचा सूर असेल तर आडवळणाने न जाता थेट विचारा, की जीव देण्याचे विचार मनात येतात का. असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात भरवला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर ते गुपित तुम्ही एकटीने सांभाळू नका. त्या माणसाच्या जवळचं कुणीतरी, डॉक्टर आणि संकटकाळचा मदत क्रमांक यांना त्याच वेळी मधे आणा. तो क्रमांक तिन्ही ॲडमिनच्या फोनमध्ये आधीपासून असू द्या.

आणखी एका प्रकाराला मात्र सक्त मनाई हवी. औषधाच्या मात्रेवर विनोद नको. मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. ‘आज इतकं दुखतंय की महिन्याच्या सगळ्या गोळ्या एकदम घ्याव्यात म्हणतो’ ही ओळ जुन्या सदस्याला गंमत वाटते. कालच निदान झालेला माणूस तीच ओळ रात्री अर्धवट झोपेत वाचतो. कुणी तिचा स्क्रीनशॉट घरच्यांच्या ग्रुपवर पाठवतं, तिथे मागचा-पुढचा संदर्भ नसतो. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असताना अचानक थांबवणं धोक्याचं असतं, त्यामुळे ‘मी तर सोडूनच दिल्या, हाहा’ हेही चालणार नाही. असा मेसेज दिसला की ॲडमिनने तो सर्वांसाठी डिलीट करावा, खाली खरी माहिती एका ओळीत लिहावी आणि टाकणाऱ्याला खासगीत कारण सांगावं. त्याला ग्रुपसमोर झापू नका.

इतर वेळी मात्र डिलीट करायची घाई करू नका. ॲडमिनने मेसेज काढला की तिथे तशी खूण राहते, आणि ती खूण पाहून पन्नास जण एकमेकांना विचारतात, ‘काय होतं तिथे?’ साधा विनोद जरा लागला असेल तर तो राहू द्या आणि त्याखाली माफी येऊ द्या. पाठवून पंधरा मिनिटं झाली नसतील तर टाकणाऱ्याला तो बदलताही येतो. माफी दोन ओळींची हवी : ‘माझ्या वाक्याने तुम्हाला वाईट वाटलं. चूक माझी, पुढे लक्ष ठेवीन.’ ‘मी तर गंमत करत होतो’ हे त्यात आलं की माफीचं रूपांतर तक्रारीत होतं. समोरच्याला गंमत कळली नाही, असा त्याचा अर्थ निघतो.

गंमत कळत नाही हा दोष बहुतेक वेळा वाचणाऱ्याचा नसतोच. २००५ मध्ये क्रूगर, एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाक्यं उपरोधाने आणि काही सरळ लिहून ईमेलने पाठवायची, आणि समोरच्याला कितपत ओळखता येतील याचा अंदाज करायचा. पाठवणाऱ्यांना वाटलं, सुमारे ७८ टक्के ओळखता येतील. प्रत्यक्षात ५६ टक्के ओळखली गेली, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरासं बरं. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा मात्र अंदाज बराचसा बरोबर ठरला. लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्याचा स्वतःचा सूर वाजत असतो, तो अक्षरांबरोबर पोचत नाही. ही अडचण चाळीस वर्षांपेक्षा जुनी आहे. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी विरामचिन्हांनी बनवलेला आडवा हसरा चेहरा सुचवला तो यासाठीच, की संगणकावरच्या चर्चेतले विनोद लोक खरे मानून भांडत होते. आज आपल्याकडे शेकडो चेहरे आहेत आणि गोंधळ तेवढाच. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा काही जण रडणारा समजून दुःखाच्या बातमीखाली टाकतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. म्हणून ग्रुपला सांगून ठेवा : उपरोध लिहू नका, तो बोला. व्हॉइस नोट पाठवा. आखडलेल्या बोटांनाही तेच सोपं जातं.

वेगळ्या ग्रुपचा पर्याय तुम्हाला सोयीचा वाटतोय, आणि तो सगळ्यांत सोपा दिसतो हे खरं. मी तो सुचवणार नाही. असं वेगळं केलं की हसरी माणसं हळूहळू तिकडेच राहायला जातात, आणि मूळ ग्रुप फक्त वाईट बातम्यांचा होतो. तो उघडताना छातीत धस्स होऊ लागतं, मग लोक तो म्यूट करतात, आणि पुढची रात्री पावणेअकराची हाक म्यूट केलेल्या ग्रुपमध्ये येते. तिकडे गंमतीच्या ग्रुपमध्ये पंधरा-वीस जणांचं घट्ट कोंडाळं बनतं. नव्या माणसाला तिथे कुणी नेत नाही, कारण तो ‘अजून रुळलेला’ नसतो. ज्याला सोबतीची सर्वांत जास्त गरज, तोच बाहेर राहतो.

बाहेर काढायचेच असतील तर फॉरवर्ड काढा. कुठून तरी आलेले विनोद, नवरा-बायकोचे चुटके, सुप्रभात, व्हिडिओ, हे सगळं. ते तुमच्या ग्रुपचं नाही, ते हजार ग्रुपवर फिरत असतं. स्वतःच्या दिवसातून आलेली गंमत राहील, फॉरवर्ड राहणार नाही, अशी रेघ ओढलीत की मेसेज पुष्कळ कमी होतील आणि झाकण शाबूत राहील.

तुमच्या ज्येष्ठ सदस्यांचाही राग मला अशाने निम्मा उतरलेला दिसतो. त्यांना विनोदाचाच त्रास होतोय का, हे एकदा शांतपणे विचारा. तपासणीच्या तारखेविषयी किंवा औषधाच्या दुष्परिणामाविषयी कुणी लिहिलेलं कामाचं काही शोधायला गेलं आणि दोनशे मेसेज मागे सरकावे लागले, की दुखऱ्या अंगठ्याचा माणूस वैतागणारच. ते तसं म्हणाले तर ते बरोबर आहेत. त्यांच्यासाठी माहितीचा वेगळा ग्रुप काढा, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतील. आठवड्यातून एकदा कामाच्या पाच-सहा गोष्टी त्यात टाका. जमल्यास हे काम त्यांनाच द्या. काय महत्त्वाचं आणि काय नाही याची त्यांच्याइतकी चाड तुमच्यात दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

दोन्ही बाजूंचा आवाज मोठा आहे, पण तो मिळून सात-आठ जणांचा असेल. अशा कुठल्याही गटात बहुतेक माणसं नुसती वाचतात. त्यांचं मत घ्यायला ग्रुपवर पोल टाकू नका. तिथे कुणी काय निवडलं ते साधारणपणे सगळ्यांना दिसतं, आणि तुमच्या मित्राच्या विरोधात बोट दाबायला कोण धजेल? कधीच न लिहिणाऱ्या दहा जणांना खासगीत विचारा. तेही ‘विनोद हवेत का’ असं नको. ‘गेल्या महिन्यात ग्रुपवर काय वाचून बरं वाटलं आणि काय वाचून फोन बाजूला ठेवावासा वाटला?’ असं विचारा. दहा उत्तरांत तुम्हाला जेवढं कळेल तेवढं शंभर मतांत कळणार नाही.

नव्या माणसाची आणखी एक अडचण असते. झाकण म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. चार वर्षांत तुमच्याकडे असे पाच-सहा शब्द तयार झाले असतील. बाहेरून आलेल्याला ते बंद खोलीतल्या हशासारखे ऐकू येतात. स्वागताच्या मेसेजमध्ये चार ओळींत त्यांचा अर्थ सांगा आणि शेवटी लिहा, ‘तुमचा निकालही चालेल, कधीही.’ हा मेसेज ग्रुपवर पिन करता येतो, पण पिन जास्तीत जास्त ३० दिवसच टिकते. महिन्याची एक तारीख ठरवून पुन्हा लावत जा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात ते विसरलं जातं.

कधी ग्रुपवर खरोखर वाईट बातमी येते. कुणी जातं, कुणाचं मोठं ऑपरेशन बिघडतं. तेव्हा झाकण थांबवा, सांगावं लागणार नाही. अडचण येते ती पुन्हा सुरू करताना. चार दिवस झाले, आठ झाले, पहिला हसणारा कोण होणार म्हणून सगळे अवघडतात. किती दिवस ते ठरवून ठेवण्यात अर्थ नाही. गेलेल्या माणसाला जो सर्वांत जवळून ओळखत होता, त्याला वाटेल तेव्हा त्याने त्या माणसाचीच एखादी गमतीची आठवण लिहावी. ती लिहिली गेली की बाकीच्यांना मोकळं होता येतं. दुसऱ्या कुणी आधी सुरुवात केली तर तेच वाक्य निर्दय वाटू शकतं.

निघून गेलेल्या बाईंना एक मेसेज पाठवा, एकच. ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनना जाते, त्यामुळे त्या का गेल्या याची चर्चा ग्रुपवर मुळीच होऊ देऊ नका. तिथे जाहीर माफी मागणंही नको, त्यांचं नाव १४० जणांत फिरेल. मेसेज साधारण असा असू द्या : ‘त्या रात्री तुम्ही बटणांबद्दल लिहिलंत आणि कुणीच उत्तर दिलं नाही. ते आमचं चुकलं. बटणांसाठी एक हूक मिळतो, त्याचा फोटो सोबत पाठवते. परत यायचं असेल तर दार उघडं आहे, नसेल तरी काही विचारायचं असल्यास मला लिहा. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.’ यात विनोदाचा उल्लेख मुद्दाम केलेला नाही. त्यांना तो लागला असेल तर त्या सांगतील. आपण होऊन त्यांना ‘विनोदावर चिडलेली बाई’ ठरवू नका. आणि त्यांना न विचारता ग्रुपमध्ये परत घेऊ नका. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेजही नको.

आता मित्राशी बोलायचं, ज्याची तुम्हाला सगळ्यांत जास्त धास्ती वाटतेय. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय की त्यांच्याशी बिनसलं तर ग्रुपवर तुमचंच मन रमणार नाही. म्हणून हे लिहून कळवू नका. वर सांगितलं ते इथेही लागू आहे, तुमचा मायेचा सूर अक्षरांतून पोचणार नाही. फोन करा. ‘लोक तक्रार करतायत’ असं म्हणू नका. लोक म्हणजे कोण, याचाच शोध ते आठवडाभर घेत बसतील. १०.४५ आणि १०.४९, एवढंच सांगा. ‘तू तिला हसलास असं मला वाटत नाही. तू वर वाचलं नव्हतंस, आणि मीही वाचलं नव्हतं.’ हे दुसरं वाक्य गाळू नका. तुमची त्या रात्रीची जबाबदारी त्यांच्यापेक्षा कमी नव्हती. मग त्यांना काम द्या : आठवड्यातून दोन रात्री पाळीवर. जो माणूस चार वर्षं रोज न चुकता निकाल लावतो, त्याच्याकडे नियमितपणा आहे आणि कुणाला कशाने हसू येतं याची जाणही आहे. पहिलं उत्तर देण्यासाठी तेवढं पुरतं.

तरी ते दुखावतील, अशी शक्यता धरून चाला. जो माणूस विनोदाने सगळ्यांना धरून ठेवतो, त्याला ‘तुझ्या विनोदाच्या वेळी कुणीतरी रडत होतं’ हे ऐकणं जड जातं. आठवडाभर झाकण येणार नाही कदाचित. ग्रुपवर चौकशा सुरू होतील, ‘झाकण कुठे गेलं?’ तेव्हा त्यांच्या वतीने खुलासे देत बसू नका, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला निकाल लावायलाही सांगू नका, ती जागा त्यांची आहे. रात्री त्यांना खासगीत तुमच्या दिवसाचा निकाल पाठवा. जिंकला असाल तर जिंकल्याचा, हरला असाल तर हरल्याचा.

आणि फोन सकाळी लावू नका. तुमची बोटं तेव्हा आखडलेली असतात, त्यांचीही असणार, आणि दुखत असताना कुणालाच दुसऱ्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही. दुपारी लावा.